उतारावरचं स्टेशन

त्या दुपारी बाबांना फोन मी केला होता. हे त्यांच्याशिवाय मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, म्हणून आधी लिहून टाकते. नाहीतर घराचं, तलावाचं, आईच्या भाकरीचं वर्णन करत करत मी या गोष्टीला वळसा घालून पुढे निघून जाईन. तशी मी हुशार आहे. चाळिशी ओलांडली, केस पिकले, तरी नको त्या विषयाला बगल कशी द्यायची ते माझ्याकडून शिकावं. आमच्या घरात तसे आम्ही तिघंच होतो, मी, आई आणि बाबा, आणि तिघांपैकी दोघं आता नाहीत. त्यामुळे मला खोटं पाडणारंही कुणी उरलेलं नाही, आणि माफ करणारंही नाही.

रायपूरला बूढापाऱ्यात तलावापासून दोन गल्ल्या आत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी असं आमचं बिऱ्हाड होतं. खाली स्कूटर दुरुस्तीचं दुकान. दिवसभर कुणीतरी किक मारायचं, स्कूटर खोकायची, पुन्हा किक, पुन्हा खोकला, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "झाली नाही अजून." ती अमरावतीकडची. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि लसणाच्या फोडणीची डाळ यावाचून जेवण झालं असं तिला वाटायचं नाही. पण वीस वर्षं रायपुरात काढल्यावर सकाळी तांदळाच्या पिठाचा चीला आणि पावसाळ्यात वाफवलेला फरा यांवरही तिचा हात बसला होता. लाल भाजी तर ती इथल्या बायकांपेक्षा चांगली करायची, हे शेजारची दीदीही कबूल करायची. मी बारावी कशीबशी पास होऊन घरी बसले होते. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश परीक्षा देऊ म्हणत होते आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करत होते.

बाबा शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात होते. कारखान्याच्या आवारात मालगाडीचे डबे आत यायला स्वतःचे रूळ होते, त्याला साइडिंग म्हणत. कोळशाचे, खनिजाचे डबे आत घ्यायचे, ठरल्या जागी उभे करायचे, इंजिन सोडवायचं, हे सगळं बाबांच्या देखरेखीखाली चाले. कॉलर काळी करून ते घरी येत, आणि त्यांचे शर्ट आई वेगळ्या बादलीत भिजवी. कामाची त्यांची एक पद्धत होती आणि ती ते जेवतानासुद्धा सांगत. डबे उतारावर उभे केले की चाकांखाली लाकडाचे चार गुटके ठोकायचे. ठोकणारा दुसरा असला तरी बाबा स्वतः चालत जाऊन प्रत्येकाला बुटाने लाथ घालून बघत आणि मोठ्यानं म्हणत, "एक लागला. दोन लागला." चौथा लागला की मगच हिरवी झेंडी. झेंडी बघून मनहरण डब्यांच्या मध्ये शिरे आणि इंजिनाची कडी सोडवी. मनहरण त्यांचा जुना माणूस, बलौदा बाजाराकडचा, हसरा. दिवाळीत बायकोला, दुलारीला, घेऊन आमच्याकडे येई आणि बाबांना बाबूजी म्हणे.

आता कॉम्प्युटरचं. नागपूरच्या मामाने त्याचा जुना कॉम्प्युटर मला अभ्यासासाठी दिला आणि मामेभावाने त्याच्याबरोबर एका खेळाची सीडी दिली. मामाचा हेतू तिथंच संपला. खेळात एक मोकळं मैदान मिळायचं. तिथं आपण जत्रा उभी करायची: पाळणे, दुकानं, झाडं, आणि मुख्य म्हणजे रोलर कोस्टर, रूळ जोडत जोडत आपल्या मनाने बांधायचा. बाकीची पोरं गरगर फिरणारे, उलटे टांगणारे रूळ बांधत. मला त्याचं काही नव्हतं. मी स्टेशन बांधत होते. लोक जिथून गाडीत चढतात, तिथलं छप्पर, लाकडी कठडे, बाकडी, पाण्याचा नळ, दिवे, रांगेसाठी वळणं, पिवळी पाटी. पाटीवर देवनागरीत नाव लिहिता येईना म्हणून ती कोरीच ठेवली होती. संध्याकाळी आंघोळ करून बाबा मुरमुऱ्याची वाटी घेऊन स्टुलावर बसत आणि चुका काढत. छपराचं पाणी कुठं जाईल, फलाटाला बाहेरच्या अंगाला उतार काहून नाही, गाडीवाल्याला मागचं शेवटचं चाक दिसते का. आई म्हणे, बापलेक मिळून जत्रेचं टेंडर भरून राहिले. एकुलत्या एका पोरीशी बोलायला बापाकडे एरवी काही नसतं. आम्हाला हे सापडलं होतं, आणि मी त्याच्यासाठी दिवसभर थांबून राहत असे. पण त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत थांबले नाही.

दुपारी दोन-अडीच झाले असतील. आई खाली भाजीवाल्याकडे गेली होती. फलाटाची कड आणि गाडी यांच्यामध्ये जागा किती सोडायची ते मला ठरवता येत नव्हतं, आणि ते ठरल्याशिवाय पुढची फरशी बसत नव्हती. मी घरच्या फोनवरून बाबांच्या मोबाईलवर फोन लावला. त्यांनी उचलला. मागे इंजिनाचा आवाज होता. प्रश्न ऐकून ते हसले, आणि त्यांचा तो आवाज खूश झालेला होता, हे मला आजही ऐकू येतं. म्हणाले, "वीतभर पण नको ठेवू. पाय नाही गेला पाहिजे मधात." मग म्हणाले, थांब एक मिनिट. मी थांबले. तिकडे कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. मी फोन ठेवला, खेळात परत आले आणि फलाट गाडीला चिकटवून टाकला. अगदी बोटभर फट ठेवली. ती छान दिसत होती.

संध्याकाळी कारखान्यातला एक माणूस सांगायला आला, आणि त्याच्यानंतर तासाभराने बाबा आले. त्या दिवशी त्यांनी तीन गुटके लाथ मारून पाहिले होते. चौथ्याकडे जाताना फोन वाजला. ते तिथंच उभे राहून बोलले, आणि बोलता बोलता उजव्या हातानं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, झेंडी दाखवली. चौथा गुटका रुळाच्या बाजूला गिट्टीवर पडलेला होता. मनहरण मध्ये शिरला, कडी सुटली, भरलेले डबे सरकले. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. यातलं फोनचं आणि गुटक्याचं त्या संध्याकाळी बाबांनी काहीच सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले की डबे सरकले. पण वेळ कोणती होती ते त्या माणसाने सांगितलं, आणि मला कळलं. आईच्या मागे उभी राहून मी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होते आणि मनात एकच चालू होतं, कुणाला कळायला नको.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे होतं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. बाबांना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायला उठत, दोन घास खात, पुन्हा आडवे होत. आई रोज सकाळी डबा घेऊन दवाखान्यात मनहरणकडे जाई. पहिल्या दिवशी तिनं भाकरी नेली, मग दुलारीला भात लागतो हे लक्षात आलं म्हणून भात, डाळ आणि लाल भाजी नेऊ लागली. येऊन सांगे, आज तो बोलला, आज ताप होता, आज दुलारी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बाबा पाठमोरे ऐकत. त्यांची पाठ हलायची नाही.

कारखान्याचे एक साहेब दोनदा घरी आले. चांगले बोलले, आईच्या चहाची तारीफ केली, आणि टेबलावर एक कागद ठेवला. "बस इतना साइन कर दीजिए," ते बाबांना म्हणाले, "कि झंडी नहीं दिखाई थी. आदमी अपने मन से अंदर घुस गया." सही केली तर बाबा परत कामावर. नाही केली आणि झेंडी दाखवली असं म्हटलं, तर मग गुटका का नव्हता, लक्ष कुठं होतं, हे सगळं निघणार आणि नोकरी जाणार. आणि सही केली तर मनहरण स्वतःच्या चुकीने जखमी ठरणार; कारखाना हात झटकणार आणि दुलारीला जी नोकरी देऊ म्हणत होते तीही विसरणार. चौकशी पुढच्या सोमवारी होती. कागद टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिला. आई टेबल पुसताना तो उचलायची आणि परत तिथंच ठेवायची.

आणि मी काय करत होते? मी खेळत होते. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण मी सकाळपासून त्या कॉम्प्युटरसमोर बसत असे. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की अक्षरं हलत. खाटेकडे मी पाहत नसे. फक्त त्या स्टेशनात मला बसता येत होतं. स्टेशन झालं होतं, आता गाडी चालवायची होती. गाडी सुटायची, मोटर तिला चढणीवर ढकलायची, रिकामी असली तर पलीकडे जायची. माणसं भरली की माथ्याजवळ तिचा जोर संपे, ती क्षणभर थांबे आणि उलटी घसरत मागे येई. स्टेशनात दुसरी गाडी उभी असे. माझी छपरं, माझे कठडे, माझी कोरी पाटी, त्यातून ती मागे येऊन त्या गाडीवर आदळे, आणि ती इवली इवली माणसं ओरडत. मी चढण कमी करी, वळण बदली, पुन्हा चालवी. पुन्हा आदळे. आई एकदा दारात येऊन म्हणाली, "बाप तिकडे भिंतीकडे तोंड करून पडला हाये, अन् तुले झुले सुचून राहिले?" मी गाडी पुन्हा सोडली. मला ती गाडी थांबवायची होती. ती थांबली तर काहीतरी सुटेल असं मला खरंच वाटत होतं. इतकी मी वेडी झाले होते.

रविवारी दुपारी आई दवाखान्यात गेली होती. माझ्या मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला. बाबा येऊन बसले होते, दाढी वाढलेली, बनियन उलटी घातलेली. मी माऊसवरचा हात काढला. ते म्हणाले, चालव. मी म्हटलं, नको बाबा. ते पुन्हा म्हणाले, चालव. मी गाडी सोडली. ती वर गेली, थांबली, मागे आली, आदळली. बाबा उठले आणि गॅलरीत गेले. खालच्या दुकानात कुणीतरी किक मारत होतं. मला वाटलं आता ते परत खाटेवर जातील; पण ते आत येऊन पुन्हा बसले.

"मागं काय लावलं तू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काहून नाही लावलं?"

मग त्यांनी मला खेळात काय काय मिळतं ते दाखवायला लावलं. चढणीच्या प्रत्येक टप्प्यावर गाडी मागे येऊ न देणारी पट्टी लावायची, त्या खेळात ती होती, ती चांगली दिसत नाही म्हणून मी काढून टाकली होती. स्टेशनाच्या आधी एक ब्रेक, पुढची गाडी निघेपर्यंत मागचीनं तिथंच थांबायचं. फलाटाची कड त्यांनी थोडी मागे घ्यायला लावली, इतकी चिकटली तर गाडी घासेल म्हणाले. ते बोट स्क्रीनवर ठेवून सांगत होते आणि मी करत होते, आणि तास-दीड तास आम्ही अपघाताचा एकही शब्द बोललो नाही. मग भरलेली गाडी सोडली. ती वर गेली, अडली, आणि तिथंच उभी राहिली. मागे आली नाही. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "तीन लागले होते. चौथा मी पाह्यला नाही."

तेव्हा माझा बांध फुटला. मी रडत म्हणाले की फोन माझा होता, मी केला होता, उगाच केला होता. ते म्हणाले, "तू केला. पण उचलला मी, अन् झेंडीही मीच दाखवली." माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि त्या हाताखाली बसून मी जे बोलले ते मला लिहायचंच आहे. मी म्हणाले, "बाबा, सही करून टाका नं." मनहरणचा पाय काही परत येणार नाही, तुमची नोकरी तरी राहील, कुणाला कळणार पण नाही, असं सगळं मी बोलले. अठरा वर्षांच्या मुलीला इतकं सगळं नीट सुचतं. खरं म्हणजे मला त्यांची नोकरी नको होती. मला तो फोन झालाच नाही असं हवं होतं, आणि त्यासाठी मी मनहरणला आणि दुलारीला द्यायला तयार होते. बाबांनी हात काढून घेतला नाही. मग ते दाढी करायला गेले.

माझी मुलगी आता तिच्या लॅपटॉपवर असलाच एक खेळ खेळते. त्यात म्हणे स्टेशनच्या प्रत्येक खिळ्याचा रंग निवडता येतो. तिनं मला एकदा विचारलं, आई, हे बघ ना, कसं दिसतंय. मी चष्मा नाही म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या खोलीत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सिलतऱ्याला गेले. कागद त्यांनी खिशात घातला. सही केली होती की नाही ते मला दिसलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास परत आले तेव्हा आई जमिनीवर बसून लाल भाजी निवडत होती, आणि मी आतल्या खोलीत दाराशी उभी होते. त्यांनी चप्पल काढली, पाणी प्यायले, आणि आईच्या समोर खाली बसले. सगळं सांगून टाकलं म्हणाले. झेंडी दाखवली होती, चौथा गुटका पाहिला नव्हता, फोनवर बोलत होतो. आई हातातली भाजी तशीच धरून ऐकत होती.

"त्यायनं विचारलं, कोणाचा फोन," बाबा आईला म्हणाले. "नंबर घरचाच निघाला. मी तुझं नाव सांगितलं, शालू. पोरीचं नाव एकदा कागदावर लागलं की जन्मभर लागलं."

आई त्या वेळी भाजीवाल्याकडे होती. तिनं फोन केलेला नव्हता, तिला फोनचं काही माहीतच नव्हतं. तिनं मान वर करून दाराकडे, माझ्याकडे, पाहिलं. ती रागावली असती, थोबाडीत मारली असती, तर मी आज वेगळी बाई असते. ती बाबांना एवढंच म्हणाली, "बरं केलं," आणि देठ मोडायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. बाबांची नोकरी गेली. दुलारीला कारखान्याच्या कँटीनमध्ये काम मिळालं, मनहरणला नकली पाय बसला. बाबा समता कॉलनीत एका डॉक्टरांकडे रजिस्टर लिहायला लागले आणि मरेपर्यंत तेच करत राहिले. पण शालूच्या फोनपायी संसार बुडाला, हे आमच्या नातेवाइकांत नागपूर-अमरावतीपर्यंत पोचलं. लग्नांत बायका आईला हसत हसत सांगत, आता तरी फोन कमी करा. आई पण हसायची. मी तिथंच पंगतीत वाढत असे, कधी जिलेबी, कधी मठ्ठा.

मला सांगायचं आहे ते चौकशीनंतरच्या गुरुवारचं. आई नेहमीसारखी सकाळी डबा घेऊन दवाखान्यात गेली आणि नेहमीपेक्षा लवकर आली. जिना चढताना तिला दम लागला होता. तिच्या हातातला डबा जड होता, हे तिच्या खांद्यावरून कळत होतं. बाबांनी विचारलं, काय झालं. आधी तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणाली की दुलारीला कळलं. दुलारी वॉर्डाच्या दारातच उभी होती, आत येऊ दिलं नाही, आणि सगळ्यांच्या समोर म्हणाली, "तोर फोन के सेती मोर मनखे के गोड़ गिस, दीदी. एला लेग जा." तुझ्या फोनपायी माझ्या नवऱ्याचा पाय गेला, हे घेऊन जा. आई ते छत्तीसगढीतच म्हणाली, दुलारीच्याच शब्दांत, आवाज न चढवता.

"मग तू काय म्हटलं?" बाबांनी विचारलं.

"काय म्हणू? हव म्हटलं, अन् आली."

तिनं डबा उघडला. लाल भाजी भातात उतरून भात गुलाबी झाला होता. तिनं तीन ताटं मांडली, अन्न टाकत नसते म्हणाली, आणि दवाखान्यातून परत आलेलं ते सगळं तिघांना सारखं वाढलं. बाबा उठून गॅलरीत गेले. आई खाली मान घालून जेवत राहिली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मी जाते दुलारीकडे, मी सांगते. रस्ता माहीत होता, दवाखाना पायी वीस मिनिटांवर होता. आईनं विचारलं, अजून वाढू का. मी ताट पुढे केलं.